दोघांचं बोलावणं : उतारवयात परदेशी सेवाकार्याला निघताना

नोकरीतून मोकळी झालेली, मुलं मार्गी लागलेली नागपूरची ख्रिस्ती जोडपी परदेशातल्या मंडळीच्या सेवेला जायचं म्हणतात, तेव्हा त्यांचे प्रश्न थोड्याफार फरकानं तेच असतात. कुणी शाळेतून निवृत्त झालेले, कुणी रेल्वेतून, कुणी मेयो किंवा मेडिकलमध्ये आयुष्यभर नर्स म्हणून राबलेल्या. व्हिसा कोणता काढायचा? पेन्शन थांबेल का? शुगरच्या गोळ्या किती नेता येतात? घर बंद ठेवायचं की भाड्यानं द्यायचं? आणि एक प्रश्न बहुतेक वेळा बाईंचा असतो, तोही जरा दबक्या आवाजात : "तिथं मी नेमकं काय करायचं?"

माझ्या मते हा शेवटचा प्रश्न पहिला आहे. त्याचं उत्तर निघण्याआधी कागदावर मिळालं, तर बाकीची बरीच गुंतागुंत सुटते. होतं मात्र उलटं. पाठवणीची उपासना ठरते, हार-शाली होतात, तिकीट निघतं आणि कागदांची धावपळ मागून सुरू होते. तुम्ही तसं करू नका. उपासनेची तारीख सगळ्यांत शेवटी ठरवा.

बोलावणं लेखी घ्या

फोनवर झालेलं बोलणं, व्हॉट्सॲपवर आलेला निरोप, परिषदेत भेटलेल्या पाहुण्या बिशपांनी दिलेला शब्द, यांतलं काहीही बोलावणं नव्हे. बोलावणं म्हणजे यजमान संस्थेच्या लेटरहेडवरचं सही-शिक्क्याचं पत्र. त्यात एवढ्या गोष्टी असल्याच पाहिजेत :

- दोघांची पासपोर्टवर आहेत तशी पूर्ण नावं, आणि प्रत्येकाचं काम वेगळं लिहिलेलं
- सेवेचा काळ, तारखांसह. आठवड्याचे तास आणि सुटीचा दिवस
- राहण्याची जागा : स्वतंत्र घर की कुणाच्या घरातली खोली, कितवा मजला, लिफ्ट आहे का, थंडीत घर तापवण्याचा खर्च कोणाचा
- तिकीट, विमा, व्हिसाची फी आणि महिन्याचा खर्च, प्रत्येकाची जबाबदारी कोणाची
- आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे मध्येच परतावं लागलं, तर परतीचं तिकीट कोण काढणार
- तिथं अडीअडचणीला धावून येणाऱ्या माणसाचं नाव आणि फोन

परतीच्या तिकिटाचं विचारायला लोक संकोचतात. देवाच्या कामात असं काय विचारायचं, असं वाटतं. पण जबाबदार संस्थेला हा प्रश्न अपेक्षितच असतो. ज्या संस्थेला तो खटकतो, तिच्याकडे जाण्याआधी दहा वेळा विचार करा.

पत्र खरं आहे का, हेही बघा. "आमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी आपली निवड झाली आहे, नोंदणीचे एवढे डॉलर भरा" असे ईमेल चर्चच्या नावानं सर्रास येतात. त्यात बायबलची वचनंही असतात, बिशपांचा फोटोही असतो. पत्रातला फोन न लावता त्या संस्थेचा नंबर स्वतंत्रपणे शोधून लावा. सेवेला बोलावणारी खरी मंडळी वैयक्तिक खात्यात पैसे मागत नाही.

पत्रात दोघांची नावं कशाला हवीत

स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आले. त्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यांच्यासोबत त्यांच्या पत्नी इरॅस्मा याही आल्या होत्या, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. १८६३ मध्ये हिस्लॉप टाकळघाटाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून गेले, आणि परक्या मुलखात त्या मागे राहिल्या. मिशनच्या नोंदींमध्ये बायका अशाच राहून गेल्या : काम अर्धं, नाव नाही.

पावणेदोनशे वर्षांनंतरही व्हिसाच्या कागदांवर तेच घडू शकतं. अमेरिकेचं उदाहरण घ्या. धार्मिक कार्यकर्त्यासाठी तिथं आर-१ व्हिसा आहे आणि त्याच्या जोडीदारासाठी आर-२. आर-२ वर आलेल्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही, मानधन घेता येत नाही. म्हणजे चाळीस वर्षं महिला मंडळ चालवलेली, आजाऱ्यांच्या उशाशी बसलेली बाई कागदावर फक्त "अवलंबून असलेली पत्नी" उरते. यजमान मंडळीही मग तिला तसंच वागवते. साहेब सकाळी ऑफिसात जातात आणि बाई अनोळखी स्वयंपाकघरात खिडकीशी बसून राहतात. वयस्क जोडपी मुदतीआधी परततात ती थंडीमुळे किंवा जेवणामुळे असं आपण म्हणतो. मला विचाराल, तर त्याचं मूळ पुष्कळदा या रिकाम्या दुपारींमध्ये असतं.

म्हणून यजमानांना सरळ विचारा की दोघांची स्वतंत्र नेमणूक होऊ शकते का. होत नसेल, तर बिनपगारी सेवा म्हणून काय करता येईल, ते पत्रात लिहून घ्या आणि ते व्हिसाच्या अटींत बसतं ना, याची खात्री करा. "श्री. यांच्याकडे मंडळीचे हिशेब, श्रीमती यांच्याकडे आठवड्यातून तीन दिवस वृद्धाश्रमातल्या भेटी" अशी दोन साधी वाक्यं पुरतात. सेवा म्हणजे प्रवचनच असतं असं नाही. हिशेब, ग्रंथालय, नव्यानं आलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा घरचं जेवण, रुग्णालयातल्या भेटी, ही कामं साठीनंतरच्या माणसांना तरुणांपेक्षा चांगली जमतात.

कोणाच्या मार्फत जायचं

पहिली पायरी तुमचे पाळक किंवा धर्मगुरू. त्यांच्याकडून धर्मप्रांताकडे, तिथून पुढे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या सभासदांचा मार्ग नागपूर धर्मप्रांत आणि दिल्लीच्या सिनॉडमधून जातो. सहा मंडळ्यांचं मिळून हे चर्च २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच स्थापन झालं आणि ते कौन्सिल फॉर वर्ल्ड मिशनचं सभासद आहे, त्यामुळे परदेशी भगिनी-मंडळ्यांशी त्याचे जुने संबंध आहेत. कॅथलिक जोडप्यांनी धर्मग्रामाच्या फादरांचं आणि आर्चबिशप कार्यालयाचं शिफारसपत्र घ्यावं. लेटर-डे सेंट्ससारख्या काही चर्चमध्ये तर वयस्क जोडप्यांनी स्वखर्चानं ठरावीक महिने सेवा करण्याची रीतसर व्यवस्थाच आहे.

सिव्हिल लाइन्समधल्या एनसीसीआयबद्दल बऱ्याच जणांचा घोळ होतो. ती प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची राष्ट्रीय परिषद आहे, माणसं परदेशी पाठवणारी संस्था नव्हे. तिथं व्हिसाची चौकशी करायला जाऊ नका.

व्हिसा : पर्यटक म्हणून जाऊन सेवा करू नका

"आधी टुरिस्ट व्हिसावर जा, पुढचं बघू" असा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. विमानतळावर अधिकाऱ्यानं बॅगेतलं नेमणुकीचं पत्र बघितलं, तर तिथूनच परत पाठवणी होऊ शकते, आणि तो शिक्का पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येतो. नेहमी विचारल्या जाणाऱ्या देशांचं थोडक्यात सांगतो.

- अमेरिका : आर-१ सुरुवातीला ३० महिन्यांपर्यंत मिळतो, एकूण मर्यादा ५ वर्षं. अर्जापूर्वीची किमान २ वर्षं तुम्ही त्याच पंथाचे सभासद असायला हवेत, आणि काम आठवड्याला सरासरी २० तास तरी हवं. स्वखर्चानं सेवा करणाऱ्यांना आर-१ मिळतो, पण संस्थेचा तसा प्रस्थापित कार्यक्रम असेल तरच. थोड्या काळासाठी, अमेरिकेतून पगार न घेता करायच्या मिशनकार्याला बी-१ व्हिसाची सोय आहे. मात्र अर्जात हेतू तसाच लिहायचा, "नातेवाइकांना भेटायला" असा नव्हे.
- ब्रिटन : बिनपगारी सेवेसाठी चॅरिटी वर्कर व्हिसा, १२ महिन्यांपर्यंत. रिलिजस वर्कर व्हिसा २४ महिन्यांपर्यंत. दोन्हींसाठी परवानाधारक संस्थेचं प्रायोजकत्व लागतं. सहा महिन्यांहून अधिक काळ जाणार असाल, तर माणशी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो आणि क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते. अधिभार भरला की सरकारी आरोग्यसेवा मिळते. इंग्लंडमध्ये साठीच्या पुढच्यांना चिठ्ठीवरची औषधंही मोफत आहेत. हे पैसे कोण भरणार, ते पत्रात आलं पाहिजे.
- ऑस्ट्रेलिया : ४०८ क्रमांकाच्या तात्पुरत्या व्हिसात धार्मिक कार्याचा प्रकार आहे, दोन वर्षांपर्यंत. आरोग्य विमा स्वतःचा.
- शेंगेन देश : साध्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. त्याहून जास्त राहायचं तर त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा.
- नेपाळ : आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून सोपं वाटतं. पण धर्मांतर करवणं तिथं गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शाळा, दवाखाना, आपत्तीनंतरची मदत, असल्या कामालाच जा.
- आखाती देश : बहुतेक देशांत मान्यताप्राप्त चर्चच्या आवारात भारतीय मंडळ्यांच्या उपासना होतात. मुस्लिमांमध्ये धर्मप्रसार केला तर तुरुंग आणि हकालपट्टी, दोन्ही संभवतात. पत्रकं वाटणं, बायबलं वाटणं कटाक्षानं टाळा.

कागद जमवताना

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालू असू द्या. पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळतो. तो फार आधी काढू नका, कारण बहुतेक देश सहा महिन्यांच्या आतला मागतात.

लग्नाच्या दाखल्याचा प्रश्न जुन्या जोडप्यांना हमखास येतो. चर्चमध्ये १८७२ च्या कायद्यानुसार लागलेलं लग्न पूर्ण कायदेशीर आहे. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा दाखला हातानं लिहिलेला, शाई उडालेली, त्यात बाईंचं माहेरचं नाव, आणि पासपोर्टवर सासरचं. परदेशी कार्यालयात हा कागद अडतो. मंडळीच्या नोंदवहीवरून नवा, टंकलिखित दाखला मागा, नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र करा आणि लागल्यास अपोस्टील करून घ्या. अपोस्टीलला आधी राज्य शासनाची साक्षांकनाची पायरी असते, मग परराष्ट्र मंत्रालयाची. एजंटाकडे मूळ कागद देताना पोच घ्या.

व्हिसाच्या मुलाखतीसाठी आणि बोटांच्या ठशांसाठी बऱ्याचदा मुंबई गाठावी लागते. रात्रीच्या दुरांतोनं जाऊन त्याच रात्री परतण्याचा हट्ट या वयात नको. एक मुक्काम धरून चाला.

आफ्रिकेतल्या अनेक देशांसाठी पीतज्वराची लस आणि तिचं पिवळं कार्ड लागतं. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, तोही आयुष्यभरासाठी. साठीच्या पुढे या लसीचा गंभीर त्रास होण्याची शक्यता वाढते, म्हणून रांगेत उभं राहण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. देणं धोक्याचं वाटलं तर ते सूट देणारं पत्र लिहून देऊ शकतात. ते पत्र त्या देशाला चालतं का, हे तिकिटाआधी विचारा.

पेन्शन, बँक आणि कर

पेन्शन परदेशी गेल्यानं बंद होत नाही. बंद होते ती हयातीचा दाखला न दिल्यानं. सरकारी पेन्शनरांनी तो दरवर्षी नोव्हेंबरात द्यायचा असतो. केंद्राच्या ऐंशीपुढच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ईपीएस-९५ वाल्यांचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण करता येतं. तेच निघण्यापूर्वी नागपुरात बसून एकदा करून बघा, मुलाच्या किंवा नातीच्या मदतीशिवाय. जमलं नाही तर भारतीय दूतावासात जाऊन दाखला घेता येतो, पण दूतावास तुमच्या गावापासून तीनशे किलोमीटरवर असू शकतो.

आता मोबाइल. आधार, बँक, पेन्शन, आयकर, सगळ्यांचा ओटीपी तुमच्या जुन्या नंबरावर येतो. तो नंबर बंद पडला की तुम्ही परदेशात कुलूप लागलेल्या घराबाहेर उभे आहात असं समजा. दोघांचेही नंबर चालू ठेवा, इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या, रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा. आणि बाईंच्या नावाचं खातं बाईंच्याच नंबराशी जोडलेलं असू द्या. "आमचं सगळं साहेबांच्याच फोनवर आहे" हे वाक्य मला फार काळजीत टाकतं. साहेब रुग्णालयात असतील, तेव्हा ओटीपी कुणाला येणार?

बँकेच्या बाबतीत नियम असा की नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळासाठी परदेशी गेलेला माणूस परकीय चलन कायद्याच्या दृष्टीनं अनिवासी ठरतो आणि त्याची साधी बचत खाती एनआरओ करावी लागतात. तीन महिन्यांच्या ठरावीक सेवेला हे लागू होत नाही. दोन वर्षांच्या नेमणुकीला होऊ शकतं. तुमचं प्रकरण कुठं बसतं, ते पत्र दाखवून बँकेला विचारा. अनिवासी झालात, तर त्याचे परिणाम असे :

- एनआरओ ठेवींच्या व्याजावर ३० टक्क्यांच्या वर कर कापला जातो. १५-एच फॉर्म देता येत नाही
- ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं उघडता येत नाही, पीपीएफचंही नाही. जुनं पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं
- घर भाड्यानं दिलं असेल, तर भाडेकरूनं भाड्यातून कर कापून भरायचा असतो. हे भाडेकरूला ठाऊक नसतं, घरमालकालाही नसतं, आणि नोटीस आली की दोघंही चक्रावतात

आयकरातला रहिवास वेगळा मोजतात. सगळे १८२ दिवसांचा हिशेब सांगतात, पण तो एकटा पुरत नाही. चालू वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असलेला माणूसही रहिवासी ठरू शकतो. नोकरीसाठी बाहेर गेलेल्या भारतीयाला या दुसऱ्या नियमातून सवलत आहे. बिनपगारी सेवेला ती मिळेल असं धरून चालू नका. सीएकडून लेखी मत घ्या.

मंडळीच्या पैशाचंही सांगायला हवं. तुम्ही स्वतःचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर नेऊ शकता. पण मंडळीनं तुमच्यासाठी गोळा केलेला निधी ट्रस्टच्या खात्यातून परदेशी पाठवणं ही निराळी बाब आहे. भारताबाहेर खर्च केलेल्या उत्पन्नावर धर्मादाय ट्रस्टला करसवलत सहसा मिळत नाही. खजिनदारांना अडचणीत टाकण्यापेक्षा ऑडिटरांना आधी विचारा.

गोळ्यांचा डबा आणि विमा

आपला आरोग्य विमा बहुधा भारतातल्याच उपचारांचा असतो. सीजीएचएस आणि सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्डही परदेशात चालत नाही. म्हणून तिथला विमा वेगळा लागतो. आणि तो घेतला म्हणून इथला बंद करायचा नाही. पॉलिसी एकदा तुटली की जुन्या आजारांची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून, तीन वर्षांपर्यंतची.

प्रवास विमा आणि आरोग्य विमा यांत गल्लत करू नका. प्रवास विमा अचानकच्या दुखण्यासाठी. दर तीन महिन्यांची शुगरची तपासणी, प्रेशरच्या गोळ्या, दात, चष्मा त्यात येत नाही. पॉलिसीत तीन ओळी शोधा : आधीपासूनचे आजार, रुग्णाला भारतात आणण्याचा खर्च, आणि मृत्यू झाल्यास पार्थिव आणण्याचा खर्च. तिसऱ्या ओळीबद्दल एकदा दोघांनी मोकळेपणी बोलून घ्या : तिथंच दफन चालेल की नागपुरात? उत्तर मुलांना सांगून ठेवा. ऐनवेळी ते ठरवण्याचा भार त्यांच्यावर नको.

औषधांची यादी करताना ब्रँडचं नाव कामाचं नाही. आपल्याकडचं क्रोसिन तिथल्या फार्मासिस्टला कळणार नाही, आणि अमेरिकेत तर पॅरासिटामॉललाही ॲसिटॅमिनोफेन म्हणतात. डॉक्टरांकडून टंकलिखित चिठ्ठी घ्या. त्यावर औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कोणत्या आजारासाठी. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं घातलेल्या गोळ्या फार चालतात. त्यांतल्या बऱ्याच बाहेर मिळतच नाहीत. एका गोळीच्या जागी तीन घ्याव्या लागतील, हे आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. झोपेच्या, घबराटीच्या आणि कडक वेदनाशामक गोळ्यांवर अनेक देशांत बंधनं आहेत. अल्प्राझोलाम किंवा ट्रॅमाडॉलसारखी गोळी चालू असेल, तर त्या देशाच्या परवान्याची चौकशी करा. शेजारणीनं दिलेल्या "कधी लागल्या तर" गोळ्या बॅगेत टाकू नका.

गोळ्या मूळ पाकिटातच, हातातल्या बॅगेत, दोघांच्या बॅगांमध्ये वाटून. मोठं सामान मागं राहिलं, तरी आठवड्याची सोय होते. दातांची कामं, मोतीबिंदू, कानाचं यंत्र हे सगळं नागपुरात उरकून जा.

घर, आणि घरामागचं घर

घर भाड्यानं देणार असाल, तर महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. ती जबाबदारी मालकाची. बंद ठेवणार असाल, तर गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवा, कूलरची टाकी कोरडी करा, महावितरणचं बिल आणि महापालिकेचा कर कोण भरणार ते ठरवा. पावसाळ्यात एकदा कुणीतरी गच्चीचं नाळकं साफ करायला हवं, नाहीतर परत आल्यावर भिंतींना ओल.

व्यवहारांसाठी मुखत्यारपत्र इथंच करून जा, आणि मर्यादित करा : अमुक खातं, अमुक घर, भाडं घेणं, बिलं भरणं. विकण्याचा अधिकार देऊ नका. परदेशात जाऊन करायचं ठरलं तर दूतावासात सही करावी लागते, आणि तो कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथला मुद्रांक भरावा लागतो.

निघण्याच्या गडबडीत "घर मुलाच्या नावे करून टाका, बरं पडेल" असं सुचवलं जातं. बक्षीसपत्र घाईत करू नका. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, मुलांनी न सांभाळल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं परत मागता येते, पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली नसेल तर भांडण लांबतं. त्याऐवजी मृत्युपत्र करा, दोघांचं वेगवेगळं, दोन साक्षीदारांसमोर. ख्रिस्ती माणसाचं मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या वारसा कायद्यानुसार त्याच्या मालमत्तेतला एक तृतीयांश जोडीदाराला आणि दोन तृतीयांश मुलांना जातो. घर एकट्या साहेबांच्या नावावर असेल, तर ते गेल्यावर बाई स्वतःच्याच घरात एक तृतीयांशाच्या मालक उरतात.

पहिले तीन महिने

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात डॉक्टर, बँक, बसचा पास आणि दूतावासाकडची नोंदणी. प्रवचनाचं आमंत्रण आलं तरी दुसऱ्या रविवारपर्यंत थांबा. शरीराला वेळ लागतो, आणि प्रेशरच्या गोळीची वेळ बदललेल्या घड्याळाशी जुळवायला चार दिवस जातात.

लहान मुलांशी वागण्याचे नियम आधी विचारून घ्या. आपल्याकडे रविवारच्या शाळेत पोरांना जवळ घेणं, गालगुच्चा घेणं, खिशातून लिमलेटची गोळी काढून देणं हे प्रेमाचं असतं. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात मुलांबरोबर काम करण्याआधी पार्श्वभूमीची सरकारी तपासणी होते, एकट्या मोठ्या माणसानं एकट्या मुलासोबत खोलीत बसायचं नसतं, परवानगीवाचून फोटो काढायचा नसतो. याचा राग मानू नका. मुलांच्या रक्षणासाठी तो नियम आहे आणि आपल्या मंडळ्यांमध्येही तो यायला हवा.

गाडी चालवायची असेल, तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, तो वर्षभर चालतो. पण बर्फाच्या गावात पासष्टीत पहिल्यांदा गाडी हाती घेऊ नका. घर बसथांब्याजवळ मागा.

दोघांनी दिवसातला काही वेळ एकमेकांपासून वेगळा घालवायला हवा. नागपुरात तुमच्या आजूबाजूला चाळीस माणसं होती. तिथं फक्त दोघंच उरता, आणि साध्या चहावरून खटके उडतात. बाईंना त्यांच्या ओळखीच्या दोन जणी मिळू द्या, साहेबांना त्यांचे. घरी फोन आठवड्यातून ठरावीक वेळी करा. रोज नातवंडांशी व्हिडिओवर बोलत बसलात, तर मन इथंच राहतं.

तीन महिन्यांनी यजमानांसोबत बसून आढावा घेण्याचं पत्रातच घालून घ्या. त्या बैठकीत दोघांना वेगवेगळं विचारलं जावं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तर तीन ते सहा महिन्यांचीच सेवा मागावी. चांगलं जमलं तर पुन्हा जाता येतं.

अडचण आली तर तुमचे हक्क

- पासपोर्ट कुणाकडेही ठेवायला देऊ नका, यजमान पाळकांकडेही नाही. "सुरक्षित राहील" म्हणून मागितला तरी नम्रपणे नाही म्हणा.
- ठरल्यापेक्षा जास्त तास राबवलं, घरकाम किंवा मुलं सांभाळणं गळ्यात पडलं, तर पत्र दाखवून लेखी तक्रार करा आणि तिची प्रत इथल्या धर्मप्रांताला पाठवा.
- दाद मिळाली नाही तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवा. अडकून पडलेल्या गरजू भारतीयांसाठी, तसंच पार्थिव मायदेशी आणण्यासाठी दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो.
- मुदतीआधी परतण्याचा हक्क तुमचा आहे.

हा शेवटचा हक्क लोक वापरत नाहीत, कारण पाठवणीच्या दिवशीचे हार आठवतात. छातीत दुखतंय हे महिनाभर लपवलं जातं. लोक काय म्हणतील, देवानं बोलावलं होतं ना, असं वाटत राहतं. पाळकांना माझी विनंती आहे की पाठवणीच्या उपासनेतच मंडळीपुढे स्पष्ट सांगा : ही दोघं कधीही परत आली, तरी याच आनंदानं त्यांना घेऊ. एवढं वाक्य ऐकलेलं असलं की दुखणं वेळेवर सांगितलं जातं.

परतल्यावर

आल्या आल्या बँकेत जाऊन खाती पुन्हा निवासी करून घ्या, केवायसी अद्ययावत करा, मुखत्यारपत्र रद्द केल्याचा दस्त करा आणि त्याची प्रत बँकेत द्या. आरोग्य तपासणी पहिल्याच महिन्यात. तिथल्या डॉक्टरांचे सगळे रिपोर्ट सोबत आणलेले असू द्या, मागाहून मिळवणं कठीण जातं. आणि मंडळीत अनुभव सांगायला बोलावलं, तर दोघांनाही बोलायला वेळ द्यायला सांगा, बाईंना आधी.